हळदीकुंकवाच्या दिवसांत सापडलेली गाठ

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत माझे हात जागेवर राहत नाहीत. आवरलेलं कपाट मी पुन्हा उपसते, घासलेले डबे पुन्हा घासते. तीळ भाजायला घेतले तर ते तडतडायच्या आधीच सारखे हलवत राहते. घरातल्यांना वाटतं, हिला सणाची घाई. मला सणाची घाई कधीच नव्हती. ठाण्यातली थंडी ती केवढीशी! सकाळी नळाचं पाणी जरा बोचतं आणि दुपारी पंखा लावावा लागतो. पण नाक्यावर ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागल्या, सोसायटीच्या फळ्यावर खडूने ‘हळदीकुंकू’ लिहिलेलं दिसलं, की माझे हात आणखीच भरभर चालायला लागतात. का ते डोक्याला जरा वेळाने कळतं. अंगाला आधीच कळलेलं असतं.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. आम्ही वर्तकनगरला राहायचो, मी, माझा नवरा अरुण, सासूबाई आणि अरुणची थोरली बहीण कुंदाताई. कुंदाताई खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची आणि लाउडस्पीकरवरून गाड्यांची नावं पुकारायची. तिचा आवाज भरदार आणि संथ होता. नाशिकला जाणाऱ्या गाडीचं नाव ती अशी घ्यायची, की ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही त्या गाडीत बसावंसं वाटावं. घरात मात्र ती भरभर बोलायची. अर्धं वाक्य स्वयंपाकघरात, उरलेलं बाहेरच्या खोलीत. मी धाकट्या भावाची बायको असूनही तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलेलं, “मला अहोजाहो करू नकोस हं सुमा, मी म्हातारी झाल्यासारखं वाटतं.”

पस्तिशी उलटली होती तिची. लग्न कुणी मोडलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. ते नुसतं राहून गेलं होतं. वडील लवकर गेले, अरुणचं शिक्षण व्हायचं होतं, मग आमचं लग्न. प्रत्येक वर्षी काहीतरी जास्त निकडीचं निघत गेलं, आणि एक दिवस लोक विचारायचेच बंद झाले.

त्या हिवाळ्यात मात्र विचारणा आली. कल्याणचे सामंत. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी, बायको काविळीने गेलेली, शाळेत जाणारी एक मुलगी. बघायला आले तेव्हा माणूस खुर्चीच्या टोकावर बसलेला, रुमाल हातात चुरगाळत. पोहे संपवून एकदम म्हणाले, “खोपटला तुमचाच आवाज ना? मी कितीदा त्या आवाजावर गाडी पकडलीय.” कुंदाताई लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदाच बघत होते. चेहरा तोच, पण वय कुठल्या कुठे गेलेलं. वैशाखात करू म्हणून ठरलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, देवापुढे साखर ठेवली आणि त्या दिवसापासून त्यांच्या चालण्याला वेगळाच ठेका आला.

अशा त्या आनंदाच्या दिवसांत आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई जरा नव्या विचारांच्या. त्यांनी कल्याणहून एक डॉक्टरीणबाई बोलावल्या होत्या, बायकांच्या छातीच्या कॅन्सरची माहिती द्यायला. तो शब्द त्यांनी माइकवर उच्चारला तशी हॉलमध्ये कुजबुज थांबली, आणि मग कुठूनतरी हसू फुटलं. सगळ्याच हसायला लागल्या. नटूनथटून आलेल्या बायका, केसांत अबोली, हातात तिळगूळ, आणि समोर ही पांढऱ्या साडीतली बाई सांगतेय की महिन्यातून एकदा पाळी झाल्यावर आंघोळीच्या वेळी स्वतःची छाती स्वतः तपासा. माझ्या शेजारची पदरात तोंड घालून म्हणाली, “अगं बाई, हे काय हळदीकुंकवाला!”

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कापडाची एक गादीसारखी उशी काढली. आत कापूस भरलेला, आणि कापसात कुठे वाटाणा, कुठे हरभरा शिवून टाकलेला. “घ्या, बोटांनी शोधा. टोकांनी नाही, बोटांच्या पेरांनी. गोल गोल फिरवत.” उशी हातोहात फिरली. कुणाला काहीच सापडेना, कुणाला सगळीकडेच सापडायला लागलं. मग हळूहळू हसू ओसरलं आणि बायका गंभीरपणे कापूस चाचपायला लागल्या. “आणि एक ऐका,” त्या म्हणाल्या, “अशी गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. आणि सापडलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण कुठली कसली, ते घरी बसून कळत नाही. लहान असताना आलात तर आमच्या हातात पुष्कळ काही असतं.”

कुंदाताईचं लक्ष त्यांच्या बोलण्यात होतं की वैशाखात, मला कळलं नाही. वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी ती घरी येईपर्यंत बोटाभोवती फिरवत होती.

त्यानंतरच्या रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कुंदाताई वर आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. दोन चादरींच्या मधे मला ओढलं आणि माझा हात धरून आपल्या ब्लाउजवर, डाव्या बाजूला, वरच्या अंगाला ठेवला.

“बघ. मला भास होतोय, की खरंच आहे?”

माझी बोटं ओली होती, थंड होती. आधी काहीच लागलं नाही. मग लागलं. वाळलेल्या वाटाण्यासारखं, टणक, दाबलं तरी न सरकणारं. मी हात काढून घेतला.

“दुखतं का?”

“नाही ना,” ती म्हणाली. “दुखलं असतं तर बरं झालं असतं.”

चादरी वाऱ्याने आमच्या अंगावर येत होत्या. खाली कुणीतरी रेडिओ मोठा केला होता. मी म्हटलं, “काही नसेल गं.” ती म्हणाली, “हो, काही नसेल.” आणि दोघींनी मिळून उरलेले कपडे इतक्या झपाट्याने वाळत घातले, की जणू खाली आग लागली होती.

तिथपासून घरातली हवाच बदलली. दिवस तेच, कामं तीच, पण कुणी कुठे टेकेना. कुंदाताईने त्याच दुपारी आईंना सांगितलं. लपवाछपवी तिला जमायचीच नाही. आई लाडवांसाठी गूळ चिरत होत्या. विळीवरचा हात थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

“दुखत नाही ना? मग राहू दे. लग्न होऊ दे, मग काय ते बघा.”

“आई, दुखत नाही म्हणूनच तर बघायचं.”

“चार दिवस रक्तचंदन लाव. जिरेल. आणि हे बाहेर बोलू नका कुणी. त्या कल्याणकरांच्या कानावर गेलं तर?”

संध्याकाळी सहाणेवर चंदन उगाळण्याचा आवाज यायला लागला. घासत, थांबत, पुन्हा घासत. आईंनी लालभडक लेपाची वाटी कुंदाताईच्या पुढ्यात ठेवली. तिने लेप लावला नाही, वाटी परतही केली नाही. ती वाटी रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी लेपाला भेगा पडलेल्या होत्या.

मला आईंचा फार राग आला होता तेव्हा. लेकीच्या जिवापेक्षा लग्न मोठं? अरुणला मी तसं म्हटलंही. तो नुसता चपला शोधत राहिला, आणि मग म्हणाला, “उद्या अर्धा दिवस रजा टाकतो. तू चल आमच्याबरोबर.”

ठाण्यातल्याच एका सर्जनांनी गाठीत सुई घालून नमुना काढला. सुईला वेळ लागला नाही. वेळ लागला तो नंतर. रिपोर्ट यायचा होता, आणि बाहेर सगळीकडे हळदीकुंकवाची बोलावणी. आज या बिल्डिंगमध्ये, उद्या त्या. मी जायचे, कपाळावर कुंकू लावून घ्यायचे, ओटीत गहू घ्यायचे आणि समोरच्या बाईच्या पदराआड बघत बसायचे. हिच्यात असेल का? हिला माहीत असेल का? एवढ्या सगळ्या बायका, हातभर बांगड्या, आणि कुणीच कधी स्वतःला हात लावून बघितलेलं नाही. मीही नाही. न्हाणीघरात जायचे, दार लावायचे, साबण हातात घ्यायचे आणि भराभर तांब्यांमागून तांबे ओतून बाहेर यायचे. बघायची हिंमतच होत नव्हती.

कुंदाताई कामावर जात होती. एका संध्याकाळी राहवेना म्हणून मी तिला आणायला खोपटला गेले. डेपोत नेहमीची गडबड, बोचकी, रडणारी पोरं, डिझेलचा वास. आणि त्या सगळ्यावर तिचा आवाज, संथ, एकाही अक्षराला धक्का नाही. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला रडू येत होतं. बाहेर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “आवाज कसा येत होता गं?” मी म्हटलं, “नेहमीसारखा.” “मग बरंय,” ती म्हणाली. “आज दिवसभर मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.”

रिपोर्ट वाईट आला. म्हणजे गाठ कॅन्सरचीच होती. पण सर्जन पुन्हा पुन्हा सांगत होते, “लवकर आलात. लहान आहे अजून.” त्यांनी विचारलं, “घरात आधी कुणाला होतं का? आई, मावशी, आत्या?” त्या दिवशी आई हट्टाने बरोबर आल्या होत्या. पदर घट्ट लपेटून म्हणाल्या, “नाही. आमच्यात नाही कुणाला.”

परतताना आम्ही तिघी रिक्षात होतो, आई मधे. टेंभी नाक्याला रिक्षा अडकली. कुठलीशी मिरवणूक होती, ढोल वाजत होते, पुढेही जाता येईना, मागेही. रिक्षावाला इंजिन बंद करून बिडी पेटवायला उतरला. त्या ढोलांच्या आवाजात आई समोर बघत बोलायला लागल्या. मला आधी वाटलं जप करतायत.

“आमच्या अक्काला झालं होतं. माझी थोरली बहीण. छातीलाच. फडकी बांधायची गच्च. वास यायला लागला तेव्हा तिला मागच्या पडवीत हलवलं. आम्हाला सांगितलं क्षय आहे, जवळ जाऊ नका. मी जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवून पळायचे.”

कुंदाताई आईंकडे वळून म्हणाली, “आई, हे माहीत असून तू मला थांब म्हणालीस?”

“नाव घेतलं की येतं असं वाटायचं गं.” आईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “अक्काच्या वेळी कुणी नावच घेतलं नव्हतं, तरी तुला आलंच की.”

ढोल पुढे सरकले. रिक्षा सुरू झाली. कुंदाताईने आईंचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि वर्तकनगर येईपर्यंत सोडला नाही. माझा राग कुठे गेला, मला कळलं नाही. पडवीतली ती बाई मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तिचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही. तरी अजून कधीकधी ताट वाढताना ती आठवते.

सामंतांना सांगायचं कुंदाताईनेच ठरवलं. ऑपरेशनच्या आधी, आणि स्वतःच्या तोंडाने. अरुण म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, “लग्न माझं, गाठ माझी, तू कशाला मधे?” तलावपाळीला भेटायचं ठरलं. मी बरोबर होते, पण लांबच्या बाकावर. दुपार उतरत होती, पाणी चमकत होतं. तिने शेंगदाण्याची पुडी दोघांच्या मधे ठेवलेली. ती बोलत होती, ते शेंगदाणे सोलत होते. मग त्यांचे हात थांबले. पाण्याकडे बघत ते काहीतरी बोलले आणि तिने मान हलवली.

उठल्यावर ते माझ्याकडे आले. उभ्या उभ्याच म्हणाले, “वहिनी, तुम्ही लोक मला वाईट समजाल. पण माझी मुलगी अजून स्पिरिटच्या वासाने रडते. मला पुन्हा हॉस्पिटलच्या पायऱ्या चढायला जमणार नाही. मी धीराचा माणूस नाही हो.” त्यांचे डोळे भरलेले होते. मला काहीतरी कडू बोलायचं होतं, पण त्या माणसाला बघून बोलवलं नाही.

“खोटं नाही बोलला,” कुंदाताई रिक्षात म्हणाली. “आईला विचारून कळवतो, पत्रिका पुन्हा बघू, असं काही नाही. सरळ बोलला.” आणि थोड्या वेळाने, एकदम संतापून, “शेंगदाणे खवट होते गं मेले सगळे!” मग ती रडली. वैशाखाचं सगळं रडणं तिने शेंगदाण्यांवरून काढलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दोन मार्ग सांगितले. एवढी लहान गाठ असेल तर नुसती गाठ काढून पुढे कित्येक आठवडे रोज किरणांचा शेक घ्यायला यायचं, नाहीतर ती बाजू पूर्ण काढायची. गुण दोन्हींनी सारखाच, म्हणाले. कुंदाताईने विचार करायला वेळ मागितला नाही. “रोज रोज यायला नको मला. एकदाच काय ते करा.” डॉक्टरांनी तिला दोनदा समजावून विचारलं. ती ठाम होती. मला वाटलं, हिने सामंतांवरच्या रागात ठरवलं की काय. पुढे कधीतरी मी तसं विचारलं, तेव्हा ती हसली. “नाही गं. मला फक्त ती वाट बघणं संपवायचं होतं. तू होतीस ना त्या दिवसांत? बसवत होतं का तुला तरी?”

नव्हतं बसवत. ऑपरेशनच्या सकाळी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. अरुण जिन्याच्या कठड्याला टेकून उभा, हातातलं वर्तमानपत्र उलटं. आई घरी, देवापाशी. नंतर काखेतल्या गाठींचाही रिपोर्ट आला. त्या स्वच्छ होत्या, रोग कुठे पसरला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभर अजून थांबली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. कुंदाताई पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली, ओठ कोरडे. तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवंय. “ती उशीवाली डॉक्टरीण,” ती म्हणाली, “तिला कळव. म्हणावं, वाटाणा सापडला.”

ती बरी झाली हे आज मी सहज लिहितेय. तेव्हा ते सहज नव्हतं. डावा हात वर उचलेना, भिंतीवर बोटं चालवत चालवत तो रोज जरासा वर न्यायचा. मग ब्लाउजच्या आत काय घालायचं हा प्रश्न. आईंनी जुन्या मऊ धोतराची, कापूस भरून, एक छोटी गादी शिवली. तीच आई, बाहेर बोलू नका म्हणणारी. टाके इतके बारीक, की मशीनचे वाटावेत. कुंदाताई पुन्हा खिडकीत बसायला लागली. वसाहतीतल्या दोघी-तिघी वेगवेगळ्या वेळी, कुणी दळण न्यायच्या निमित्ताने, कुणी विरजण मागायला, घरी यायच्या आणि आतल्या खोलीत तिच्याशी हळू आवाजात बोलायच्या. त्यांतली एक पुढे तपासायला गेली. तिची गाठ साधी निघाली. तिने बिल्डिंगभर पेढे वाटले आणि कशाचे ते कुणालाच सांगितलं नाही.

मला अजून वाटतं, आपल्या घरांत बायकांच्या शरीराबद्दल बोलायला जागाच नसते. जेवणाच्या ताटावर बोलतात, भावंडांच्या भांडणावर बोलतात. या गोष्टीला मात्र दोन चादरींच्या मधली जागा लागते, नाहीतर ढोलांचा आवाज. आता पुष्कळ सोय झाली, यंत्रं आली, मीही वर्षाला एकदा जाऊन छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढून येते. दर वेळी त्या थंडगार काचेला टेकून उभी राहिले, की गच्चीवरच्या त्या चादरी आठवतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुणाशीच धड बोलत नाही. वय झालं तरी हे गेलं नाही.

ऑपरेशननंतरची पहिली संक्रांत. दुपारची वेळ, अरुण कामावर, घरात आम्ही तिघीच. मी तिळाच्या वड्या थापत होते. आईंनी आतल्या खोलीतून हाक मारली, “कुंदा, इकडे ये. सुमा, तूही ये.”

आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पाठ ताठ. ज्या बाईने आयुष्यात कधी दुसऱ्या बाईसमोर लुगडं बदललं नाही, तिने चोळीची गाठ सोडलेली होती. नजर समोरच्या भिंतीवर.

“बघ,” त्या म्हणाल्या.

कुंदाताई एक क्षण दारातच थांबली. मग पुढे झाली, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि आईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. बोटांच्या पेरांनी, गोल गोल, सावकाश. एक बाजू, मग काख. मग दुसरी बाजू. आईंचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट. कुंदाताईचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती आणि एक खांदा, दुसऱ्यापेक्षा जरा खाली.

“काही नाही, आई.”

“नीट बघितलंस ना?”

“नीट बघितलं.”

आईंनी श्वास सोडला. चोळीची गाठ मारली, पदर सारखा केला, आणि मग भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. माझ्या बोटांना गूळ लागलेला, कपाळावर घाम.

“आता हिचं बघ,” त्या म्हणाल्या.

मी हात धुऊन आले, आणि दाराला आतून कडी लावली.